तोंडाचं छत, नाकाची जमीन

१८६० साली सॅन फ्रान्सिस्कोतले दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या जबड्यात, डाव्या-उजव्या उपदाढांच्या मध्ये, एक आडवा स्क्रू बसवला. स्क्रू कसा फिरवायचा हे मुलीला शिकवलं आणि तो सतत ताणलेला राहील इतका फिरवत राहायला सांगितलं. दोन आठवड्यांत तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये ठळक फट पडली. दात नुसते बाहेरच्या बाजूला कललेले नाहीत, वरच्या जबड्याची डावी-उजवी हाडं मधल्या सांध्यात एकमेकांपासून सरकली आहेत, असा निष्कर्ष एंजेल यांनी त्या फटीवरून काढला आणि ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात तो मांडला. तो बहुतेकांना पटला नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती. बंद तोंडाआड हाड उघडलं हे दाखवणार कसं? पुढे कित्येक दशकं अमेरिकेत ही पद्धत जवळजवळ अडगळीत पडली.

एंजेल बरोबर होते, हे आज कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे दात-जबडे सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाच्या, दवाखान्यातली एक्स-रे फिल्म दाखवते. त्या उघडलेल्या सांध्याचा परिणाम मात्र दातांपाशी थांबत नाही. जिभेचं टोक टाळूवर फिरवून पाहा. दातांच्या मागचा कडक, खडबडीत भाग म्हणजे तोंडाचं छत, आणि हेच हाड वरच्या बाजूने नाकाची जमीन असतं. दोन मजल्यांमध्ये एकच स्लॅब असावा, तसं हे आहे. खालून स्लॅब रुंद केला तर वरची खोलीही काही प्रमाणात रुंद होणार. मऊ टाळूचे स्नायू कानाच्या नळीला जोडलेले असतात. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला टेकलेली असतात. जिभेचा मागचा भाग घशातल्या हवेच्या वाटेची पुढची भिंत असतो. दात सरळ करायला आलेल्या मुलाच्या तोंडात तार बसते, तेव्हा या सगळ्या शेजाऱ्यांच्या हद्दीत काहीतरी घडत असतं. कधी त्यातून भलं होतं, कधी काहीच होत नाही, आणि क्वचित त्रासही होतो. यातलं काय केव्हा होतं, हे आईवडिलांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण सध्या या विषयात दोन टोकांची माणसं भेटतात. एकांना दातांचा नाकाशी काही संबंधच नाही असं वाटतं. दुसरे प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला टाळू रुंद करण्याचा स्क्रू विकू पाहतात.

आधी उलट दिशेची गोष्ट सांगतो: नाकामुळे दात कसे बिघडतात. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांच्याकडे वीस वर्षांची एक तरुणी आली. तिला ऐकू कमी येत होतं आणि तिचं बोलणं चोंदलेल्या नाकातून आल्यासारखं वाटे. मेयर यांनी टाळूच्या मागून बोट वर घालून तपासलं, तर नाक आणि घसा जिथे मिळतात त्या पोकळीत मऊ गाठींचा पुंजका हाताला लागला. त्यांनी तो काढला. १८६८ साली त्यांनी या गाठींचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. आज आपण त्यांना अॅडिनॉइड्स म्हणतो. प्रत्येक मुलाला त्या असतात, साधारण तीन ते सात या वयात भरात असतात आणि पुढे हळूहळू आकसतात. काही मुलांत त्या इतक्या वाढतात की नाकाची मागची वाट बुजते. मग मूल तोंडाने श्वास घेतं आणि त्याच्या कानात पाणी साचतं. वर्षानुवर्षं असंच चाललं की चेहराही एका ठरावीक वळणाने वाढतो: लांबट, ओठ उघडे, वरचे दात पुढे, टाळू अरुंद आणि खोल. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सची पायाभरणी करणारे एडवर्ड अँगल यांनीही पुढे आलेल्या दातांच्या एका प्रकाराचा संबंध चोंदलेल्या नाकाशी जोडला होता.

तोंडाने श्वास घेतल्याने टाळू अरुंद का व्हावा? याचं उत्तर जिभेत आहे. नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाची जीभ, तो बोलत-खात नसताना, टाळूला टेकलेली असते. बाहेरून गालांचा दाब आणि आतून जिभेचा, यांच्या तोलात वरची दंतपंक्ती कमानीसारखी रुंद वाढते. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली उतरते, आतला आधार जातो, आणि गालांचा दाब वरच्या कमानीला दोन्ही बाजूंनी आवळतो. अमेरिकेत एगिल हार्वोल्ड यांनी ऱ्हीसस माकडांच्या नाकपुड्या बुजवून प्रयोग केले. माकडांचे दात आणि जबडे खरोखरच बिघडले, पण प्रत्येकाचे वेगळ्या तऱ्हेने. एखादं माकड जीभ बाहेर काढून श्वास घ्यायचं, दुसरं खालचा जबडा लोंबता ठेवायचं, आणि ज्याने जशी युक्ती शोधली तसा त्याचा चेहरा बदलला. म्हणजे हवा कुठून जाते यापेक्षा ती जाऊ देण्यासाठी जीभ आणि जबडा कसे धरले जातात, ते हाडाला वळण देतं. यामुळेच सर्दीचा त्रास असलेल्या दोन भावंडांत एकाचे दात वाकडे होतात आणि दुसऱ्याचे होत नाहीत. आनुवंशिकतेचा वाटा तर मोठा आहेच. आजोबांचा अरुंद जबडा नातवात उतरतो, त्याला नाक जबाबदार नसतं.

स्वीडनमध्ये स्टेन लिंडर-आरोनसन यांनी याचा दुसरा भाग तपासला. अॅडिनॉइड्स काढल्यानंतर नाकाने श्वास घेऊ लागलेल्या मुलांची त्यांनी पुढची काही वर्षं मोजमापं घेतली. या मुलांची वरची कमान थोडी रुंदावली आणि पुढच्या दातांचा कल सुधारला. बदल लहान होते. कुणाचेही दात आपोआप ओळीत आले नाहीत. तरी वाढतं हाड संधी मिळाली की परत वळू शकतं, हे त्यातून दिसलं.

आता सरळ दिशेने येऊ. एंजेल यांचा स्क्रू परत आला तो १९६१ मध्ये, अँड्र्यू हास यांच्या लेखाने. हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले, मग मुलांवर उपचार केले आणि एक्स-रेने सांधा उघडल्याचं दाखवलं. नाकाचा मार्ग मोकळा झाल्याची नोंदही त्यांनी केली. आज आपल्याकडे जास्त दिसतो तो हायरॅक्स नावाचा, धातूचा, सुटसुटीत प्रकार. दाढांना कड्या बसवतात, टाळूच्या मध्यावर स्क्रू असतो, आणि आई किंवा वडील बारीक किल्लीने तो दिवसातून एकदा किंवा दोनदा पाव फेरा फिरवतात. पाव फेऱ्याला बहुधा पाव मिलिमीटर. दोन ते चार आठवडे हे चालतं. मग स्क्रू गोठवून चार-सहा महिने तसाच ठेवतात, म्हणजे उघडलेल्या सांध्यात नवं हाड भरतं.

घरच्यांना या काळाची कल्पना आधीच दिलेली असावी. पहिल्या आठवड्याभरात पुढच्या दातांमध्ये फट दिसू लागते आणि आई घाबरून फोन करते. खरं तर ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण. काही आठवड्यांत दात आपसूक जवळ येतात. नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, कधी डोळ्यांच्या मधोमध हलकं दुखतं. बोलताना चहातला ‘च’ आणि जेवणातला ‘ज’ पहिले काही दिवस घसरतात, कारण या उच्चारांना जिभेला जी जागा लागते तिथेच आता स्क्रू असतो. टाळूत अन्न अडकतं. किल्लीला दोरा बांधून दोरा मनगटाभोवती गुंडाळायचाच, मूल कितीही शांत बसत असलं तरी. हातातून निसटलेली किल्ली घशात जाते, आणि घशातून पुढे अन्ननलिका आणि श्वासनलिका असे दोन रस्ते असतात. गिळलेली छोटी वस्तू बहुतेकदा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते. मुलाला अचानक खोकल्याची उबळ आली किंवा श्वासाला शीळ येऊ लागली तर मात्र ती वस्तू चुकीच्या रस्त्याला गेली असं धरून थेट रुग्णालय गाठायचं.

नाकाला यातून काय मिळतं? सांधा पाचरीच्या आकारात उघडतो. तो टाळूपाशी आणि पुढच्या बाजूला जास्त उघडतो, वर कपाळाकडे आणि मागे कमी. म्हणजे नाकाचा तळ सर्वांत जास्त रुंदावतो. बहुतेक हवा नाकाच्या खालच्या आणि मधल्या भागातून जाते, म्हणून ही रुंदी उपयोगी जागी पडते. अरुंद नळीत थोडीशी वाढ झाली तरी तिच्यातून जाणारी हवा बरीच वाढते, हे भौतिकशास्त्राचं जुनं गणितही इथे मदतीला येतं. पर्थचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एल. पी. ग्रे यांनी १९७५ मध्ये अशा ३१० रुग्णांचा अनुभव लिहिला. त्यांनी टाळू रुंद केला होता तो दातांसाठी नव्हे, वारंवार सर्दी आणि नाक चोंदणं यांसाठी, आणि त्यांच्या रुग्णांपैकी बहुसंख्य तोंडाऐवजी नाकाने श्वास घेऊ लागले. शल्यविशारदाने दंतवैद्याचं साधन हाती घ्यावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ग्रे यांच्या अभ्यासात मात्र तुलनेसाठी उपचार न केलेली मुलं नव्हती, आणि मुलांचं नाक वयाबरोबर तसंही मोठं होत असतं.

झोपेच्या बाबतीत जास्त नेमकी मोजणी झाली. झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याच्या विकाराचं नामकरण ज्यांनी केलं, ते स्टॅनफर्डचे क्रिस्तियां गिलमिनो आणि इटलीतल्या पाओला पिरेली यांनी २००४ मध्ये ३१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांचा टाळू अरुंद होता आणि अॅडिनॉइड्स-टॉन्सिल्स मोठ्या नव्हत्या. उपचाराआधी त्यांचा श्वास झोपेत ताशी सरासरी बारा वेळा अडखळत होता. टाळू रुंद केल्यावर काही महिन्यांनी तो आकडा एकच्या खाली आला. निकाल मोठा आहे, पण मुलांची निवड विसरून चालणार नाही. अडथळा टाळूच्या अरुंदपणात आहे आणि दुसरीकडे कुठे नाही, अशीच मुलं त्यात घेतली होती. ज्या मुलाच्या घशात दोन टॉन्सिल्स मधोमध एकमेकांना टेकल्या आहेत, त्याच्या टाळूचा स्क्रू फिरवून ही वाट मोकळी होईल असं कुणी सांगितलं, तर त्याला हा अभ्यास आधार देत नाही.

बहुतेक घोरणाऱ्या मुलांत पहिला प्रश्न टॉन्सिल्स आणि अॅडिनॉइड्सचाच असतो. २०१३ मध्ये अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचा एक अभ्यास झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच केली, निम्म्यांना सात महिने थांबवलं. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांचा झोपेतला श्वास सात महिन्यांनी पूर्ववत झाला होता. नुसतं थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांचा झाला होता. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट आहे, आणि सौम्य त्रासात घाई न करण्यालाही आधार आहे. शस्त्रक्रियेनंतरही जो पाचवा हिस्सा उरतो, त्यातल्या अरुंद टाळूच्या मुलांकडे ऑर्थोडॉन्टिस्टने पाहायला हवं. जाड मूल असेल तर वजनाकडेही.

आपल्या घरांत घोरणाऱ्या मुलाकडे ‘दमलाय, गाढ झोपलाय’ म्हणून कौतुकाने पाहिलं जातं. गाढ झोपलेलं मूल शांत श्वास घेतं. मान मागे टाकून झोपणं, घामाने डोकं भिजणं, रात्रभर अंथरुणात फिरणं, पाच-सहा वर्षांनंतरही अंथरूण ओलं होणं, सकाळी चिडचिड आणि वर्गात लक्ष नसणं, ही लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टरांकडे जायचं आणि जाताना रात्रीचा मोबाईलवरचा व्हिडिओ सोबत न्यायचा. दवाखान्यात बसलेल्या जाग्या मुलाकडून डॉक्टरांना जे कळत नाही, ते त्या दोन मिनिटांतून कळतं.

सर्दीचंही तसंच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, घरात धूळ असते, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती आणि धूप असतो. अॅलर्जीच्या मुलाचं नाक महिनोन्‌महिने सुजलेलं राहतं आणि ‘त्याला सर्दी असतेच’ म्हणून घर ते स्वीकारतं. अशा मुलाच्या टाळूचा स्क्रू पूर्ण फिरवला, नवं हाडही भरलं, तरी नाकाचं अस्तर सुजलेलंच असेल तर तोंड उघडं राहणार, जीभ खाली उतरणार आणि कमान पुन्हा आवळायला लागणार. नाकाचा उपचार आधी किंवा निदान बरोबरीने हवा. डॉक्टरांनी सांगितलेला नाकातला स्प्रे ‘सवय लागेल’ या भीतीने मध्येच सोडणारे पालक खूप आहेत. सवय लागते ती दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे वापरलेल्या, नाक झटकन मोकळं करणाऱ्या थेंबांची. अॅलर्जीसाठी दिलेल्या स्टिरॉइड स्प्रेची अशी सवय लागत नाही. तो नियमाने मारला तरच काम करतो.

कानाकडे वळू. मधल्या कानापासून नाकाच्या मागच्या पोकळीपर्यंत एक नळी जाते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमिओ युस्टाची या इटालियन वैद्याच्या नावाने ती ओळखली जाते. मोठ्यांत ती साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरकी असते; बाळांत निम्मी लांब आणि जवळजवळ आडवी. म्हणून लहान मुलांच्या घशातला जंतुसंसर्ग कानात सहज चढतो. नळी एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना मऊ टाळूला ताणणारा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. विमान उतरताना आपण मुलांना गोळी चघळायला देतो, ते यासाठीच. हा स्नायू कडक टाळूच्या मागच्या कडेला जाऊन मिळतो. टाळू रुंद केल्यावर त्याचा ताण सुधारतो आणि नळी नीट उघडू लागते, असा तर्क आहे. कानात पाणी साचून ऐकू कमी येणाऱ्या मुलांची श्रवणशक्ती टाळू रुंद केल्यानंतर सुधारल्याचे काही अभ्यास आहेत. ते बहुतेक लहान आहेत, आणि कानातलं पाणी वयाबरोबर आपोआपही ओसरतं. केवळ कानासाठी कुणी टाळूचा स्क्रू बसवू नये असं माझं मत आहे. दातांसाठी तो बसवायचाच असेल आणि मुलाला कानाचा त्रास असेल, तर आधी आणि नंतर श्रवणचाचणी करून घ्यावी.

टाळू दुभंगलेल्या मुलांत हेच सगळं जास्त ठळक होतं. टाळूचा स्नायू मधोमध तुटलेला असल्याने त्यांच्या कानाची नळी जवळपास उघडतच नाही, आणि बहुतेकांच्या कानात पाणी साचतं. बालपणी टाळू शिवला जातो. त्या व्रणामुळे वरची कमान आवळते. मग नऊ ते अकराच्या आसपास, हिरडीच्या फटीत हाड भरण्याआधी, ऑर्थोडॉन्टिस्ट कमान रुंद करतो. या मुलांचा एकही निर्णय एका डॉक्टरने एकट्याने घेण्यासारखा नसतो. एक उदाहरण पुरेसं आहे. मोठ्या अॅडिनॉइड्स अशा मुलात कधीकधी उपयोगी ठरतात, कारण तोकडा मऊ टाळू त्यांना टेकून नाकाची मागची वाट बंद करतो आणि बोलणं स्वच्छ राहतं. त्या काढल्या तर आवाज अचानक नाकातून येऊ लागतो. तरुण वयात वरचा जबडा शस्त्रक्रियेने पुढे आणला तरी हाच धोका असतो. वरून अखंड दिसणाऱ्या टाळूखालीही स्नायू दुभंगलेला असू शकतो. पडजिभेला दोन टोकं दिसणं ही त्याची एक खूण. अॅडिनॉइडची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी पडजीभ पाहायला काही क्षण लागतात, आणि ते टाळू नयेत.

तारा लावल्यावर कान दुखतो, ही तक्रार वेगळी. खालच्या दाढा, जबड्याचा सांधा आणि कानाच्या पुढचा भाग यांना एकाच मोठ्या नसेच्या फांद्या पोचतात, म्हणून दाढेवरचा ताण मेंदूला कानातून आल्यासारखा वाटतो. तार घट्ट केल्यानंतरचे तीन-चार दिवस, किंवा रबर बँड सुरू केल्यावर, असं होऊ शकतं. ढोबळ ओळख अशी: चावताना किंवा जांभई देताना दुखत असेल तर बहुधा दात किंवा सांधा, कानाच्या पाळीला ओढल्यावर दुखत असेल तर बाहेरचा कान. ताप, कानातून पाणी किंवा ऐकू कमी येणं यांतलं काही असेल तर तारांना दोष देत बसू नये.

जबड्याच्या सांध्याची गोष्ट १९३४ पासून गाजते आहे. सेंट लुइसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी कान दुखणं, कानात आवाज येणं आणि चक्कर यांचा संबंध बिघडलेल्या सांध्याशी जोडला. दाढा पडल्या की जबडा वर चढतो आणि कानाच्या रचनांवर दाब देतो, हे त्यांचं स्पष्टीकरण शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे खोडून काढलं. कान आणि सांधा यांच्या दुखण्याचं नातं मात्र टिकलं. मग उलटा आरोप आला: दात सरळ करण्याच्या उपचारानेच सांधा बिघडतो. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या एका ज्यूरीने अशा दाव्यात रुग्णाला मोठी भरपाई दिली आणि अमेरिकेतला सगळा व्यवसाय हादरला. त्यानंतर रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास झाले. नीट केलेल्या ऑर्थोडॉन्टिक उपचाराने सांध्याचा विकार होत नाही आणि टळतही नाही, हा त्यांचा निष्कर्ष. सांधा बरा करण्यासाठी म्हणून तारा लावायला सांगणाऱ्याला हा निष्कर्ष ऐकवावा.

सायनसचा भाग थोडक्यात. गालाच्या हाडामागची पोकळी १६५१ मध्ये इंग्रज वैद्य नॅथॅनियल हायमोर यांनी सविस्तर वर्णिली, तीही एका स्त्रीचा सुळा काढताना ती पोकळी उघडल्याच्या निमित्ताने. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला भिडलेली असतात. दाढा हळूहळू सरकवल्या तर सायनसचा तळ त्यांच्याभोवती नव्याने घडतो, मात्र बळ हलकं आणि वेग कमी हवा. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत गालाच्या हाडाच्या कडेला बारीक स्क्रू बसवून सगळे दात मागे ओढण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा स्क्रूचं टोक कधी सायनसमध्ये शिरतं. छिद्र बारीक असेल तर बहुधा ते आपोआप भरतं. जुना सायनसचा त्रास असलेल्या रुग्णाने मात्र तो आधी सांगायला हवा. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ दाढांकडे बोट दाखवतात, आणि वाकल्यावर वरच्या सगळ्याच दाढा ठणकत असतील तर दंतवैद्याने सायनसचा विचार करायचा असतो.

घशाची वाट खालच्या जबड्यावर अवलंबून असते. पॅरिसचे पिएर रोबें यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खालचा जबडा पुढे धरणारं मोनोब्लॉक हे साधन केलं, आणि १९२३ मध्ये लहान जबड्यामुळे जीभ मागे पडून बाळाचा श्वास कसा कोंडतो ते लिहिलं. त्याच धर्तीची साधनं आजही आहेत. त्यांतलं आपल्याकडे सर्वांत परिचित ते स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांचं ट्विन ब्लॉक, खालचा जबडा मागे असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना दिलं जाणारं. ते घातलेलं असताना जिभेमागची जागा वाढते. उपचारानंतर ती किती टिकते ते मुलाच्या स्वतःच्या वाढीपासून वेगळं काढणं अवघड असतं. मोठ्या माणसांत घोरण्यासाठी रात्री जबडा पुढे धरणारी साधनं नक्की उपयोगी पडतात. मात्र वर्षानुवर्षं वापरल्यावर वरचे पुढचे दात आत आणि खालचे बाहेर कलतात, म्हणून दंतवैद्याची देखरेख सोडू नये.

इथे एका भीतीबद्दल बोललंच पाहिजे. चार उपदाढा काढून दात मागे घेतले की जिभेची जागा कमी होते, ती घशात मागे ढकलली जाते आणि पुढे झोपेत श्वास थांबतो, असं अनेक पालकांच्या कानावर येतं. अमेरिकेत ५,५८४ प्रौढांच्या आरोग्यनोंदी यासाठी तपासल्या गेल्या. निम्म्यांच्या उपदाढा काढलेल्या होत्या, निम्म्यांच्या नव्हत्या. झोपेतल्या श्वासाच्या विकाराचं प्रमाण दोन्ही गटांत दहा टक्क्यांच्या आसपासच निघालं. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही २०१९ मध्ये हाच निर्वाळा दिला. उपदाढा काढायच्या की नाही हा चेहऱ्याचा, जागेचा आणि हिरड्यांचा प्रश्न आहे. श्वासाच्या भीतीने जागा नसलेल्या जबड्यात सगळे दात कोंबायला लावले तर हिरडी खचते. आणि जीभ दिवसभर टाळूला दाबून चेहरा घडवण्याचे व्हिडिओ पाहून जी मुलं कष्ट घेतात, त्यांच्यासाठीही सांगतो: पौगंडात आलेल्या जबड्याला अशा व्यायामाने रुंद करता येतं, याला पुरावा नाही.

वयाचा प्रश्न मात्र खरा आहे. टाळूचा सांधा दहा-बारा वर्षांपर्यंत सहज उघडतो, पुढे तो दात्यांसारखा एकमेकांत गुंतत जातो, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी साध्या स्क्रूने दात आणि हिरडीच बाहेर कलतात. मोठ्यांसाठी टाळूच्या हाडातच स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेची मदत घेऊन सांधा उघडतात. म्हणून अरुंद टाळूचं मूल सातव्या-आठव्या वर्षी एकदा तरी ऑर्थोडॉन्टिस्टने पाहावं. सगळे पक्के दात येईपर्यंत थांबा, हा सल्ला अशा मुलाला लागू नाही.

त्या पहिल्या भेटीत बहुधा डोक्याचा बाजूने एक्स-रे काढतात. दंतवैद्य त्यावर जबड्यांचे कोन मोजतात. त्याच फिल्मवर नाकाच्या मागे अॅडिनॉइड्सची सावली आणि तिच्यापुढे उरलेली हवेची काळी पट्टीही स्पष्ट दिसते. तिची प्रत मागून घ्या, मूल घोरत असेल तर ती घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी काय सांगितलं ते लिहून घेऊन ऑर्थोडॉन्टिस्टकडे परत या. नाक आधी, टाळू नंतर, की दोन्ही एकदम, हे त्या दोघांनी एकच फिल्म पाहून ठरवावं. त्यासाठी मुलाचा दुसरा एक्स-रे काढावा लागत नाही.